हसरं खातं

नळीचं टोक तिनं चावून चावून चपटं केलं होतं, इतकं की आता त्यातून पाणीसुद्धा वर चढत नव्हतं; तरी ती नळी तशीच धरून होती – तोंडातल्या फोडांना लागू नये म्हणून ओठांत न धरता दातांत – आणि गाल आत घेऊन ओढत होती, आणि ग्लासातलं पाणी होतं तिथंच होतं. दुसरी नळी इस्पितळाच्या खाटेशेजारच्या खणात होती. हात लांबवला की मिळाली असती. पण तो नुसता पाहत राहिला, कारण तिच्या गालावर पडणारी ती खळी... हसताना पडायची तीच ती, त्याच जागी. इतकी वर्षं तो तिला हसण्याचाच एक भाग समजत आला होता, आणि आता ती पाणी ओढताना पडत होती. म्हणजे ती हसण्याची नव्हतीच. ती नुसती गालाची होती.

"अहो," ती म्हणाली, "येत नाहीये."

तो दचकला. त्यानं नळी बदलली, उशी वर सरकवली, ग्लास हनुवटीपाशी धरला. ती दोन घोट प्यायली आणि मान फिरवून डोळे मिटून पडली. तिच्या दंडावर, काल सुई घातली होती तिथून कोपरापर्यंत, जांभळं उतरलं होतं. पहिल्यांदा असे डाग उमटायला लागले तेव्हा तो हसण्यावारी न्यायचा – कुठं धडपडतेस, तुझे पाय खाली आणि डोळे आकाशात – आणि तीही म्हणायची, कुठं आपटले ते मलाच आठवत नाही. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त, मग जिना चढताना मधेच बसणं, मग ताप. मग रक्ताचा कॅन्सर. हे दोन शब्द त्यांच्या घरात असे शिरले की जणू कुणी पाहुणा न सांगता आला आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन झोपला.

पण आज त्याला ते दोन शब्द बोचत नव्हते. आज बोचत होता एकच शब्द, आणि तो आजाराचा नव्हताच. बरंचसं.

काल दुपारी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. अगदी कोवळी मुलगी, केसांत पेन खोचलेलं. खाटेच्या कडेवर बसून तिनं विचारलं, तुम्ही कारखान्यात नेमकं काय करायचात? आणि तिला – त्याच्या बायकोला – कोण आनंद झाला! इतक्या दिवसांत तिला कुणी हे विचारलंच नव्हतं; सगळे विचारत ते भूक, ताप, शौच. तिनं सलाइनची नळी सांभाळत दोन्ही हात हवेत धरले आणि दाखवलं. डाव्या हातात बुटाचा सोल. उजव्यात ब्रश. ब्रश सोल्युशनच्या डब्यात बुडवायचा, टाचेकडून चवड्याकडे एकच ओढ घ्यायची. मग थांबायचं. बोट लावून बघायचं. बोटाला चिकट लागलं की दाबायचं.

"हातमोजे नव्हते?"

"मोज्यानं कसं कळणार चिकट झालं की नाही?"

"आणि खिडक्या?"

"बंद. वाऱ्यानं सोल्युशन भलतंच लवकर सुकतं."

"काम करताना चक्कर यायची? डोकं हलकं व्हायचं? उगाचच हसू यायचं... म्हणजे घेतल्यासारखं?"

"हो! मजा यायची," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसली नाही. बाहेर येऊन तिनं त्याला सांगितलं की अशा सोल्युशनमध्ये पुष्कळदा बेंझिन नावाचा एक पदार्थ असतो, त्याची वाफ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथं बिघाड करते. हिला त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण दोघांचा संबंध आहे हे नक्की. डब्यावर काय लिहिलंय ते बघून याल का? आणि तिथं अजून बायका काम करताहेत ना?

त्यानं मान हलवली. आणि विचारायला हवं ते न विचारता – किती दिवस, पुढं काय, यातलं काहीच न विचारता – तो म्हणाला, "ते हसणं... म्हणजे ते त्या वाफेचं?"

"बरंचसं," ती म्हणाली, आणि तिला कुणीतरी हाक मारली.

आज लेक आली आणि तो निघाला. "बाबा, जेवून घ्या काहीतरी," ती म्हणाली. त्यानं हो म्हटलं आणि बसमध्ये बसला. कारखान्याचा रस्ता पायांना पाठ होता, त्यामुळं डोकं मोकळंच होतं, आणि मोकळं डोकं म्हणजे...

त्याचं खातं कातरणीचं. साचा ठेवून चामडं कापायचं, तुकड्यांचे गठ्ठे बांधायचे आणि लांबलचक बोळाच्या टोकाला चिकटवण खात्यात पाठवायचे. गठ्ठे न्यायला खरं तर हमाल होता. पण लग्नाआधीच्या त्या वर्षी हमालाला गठ्ठा उचलण्याची वेळच आली नाही, आणि सगळ्या कारखान्याला त्याचं कारण ठाऊक होतं. कातरणीत बारा महिने सुतकी शांतता. चामड्याचा कुबट वास, पात्यांचा खटखटाट, आणि प्रत्येक जण आपल्या बोटांना जपत मान खाली घालून. आणि बोळात पाऊल टाकलं की त्या टोकाकडून हसणं यायचं. एकीनं काही म्हणायचं की दुसरीनं फुटायचं, मग तिसरी, मग सगळं खातं. त्याला नावच पडलं होतं हसरं खातं. मुकादम म्हणायचा, बायकांना एका खोलीत घातलं की हेच होणार. दाराशी तो गोड, उग्र वास नाकात जायचा, क्षणभर त्यालाही गरगरायचं, आणि थोरली – खात्यात वयानं सगळ्यांत मोठी म्हणून ती थोरली – ओरडायची, "कात्री आली गं, बोटं सांभाळा!"

त्या हसण्यातलं एक हसणं वेगळं होतं. आधी काहीच नाही, नुसती मान मागं जायची, तोंड उघडायचं, आणि सगळ्या थांबल्या की मग हिचा आवाज यायचा, एकटा, उशिरा पोचलेल्या माणसासारखा. तो दाराबाहेर गठ्ठा छातीशी धरून उभा राहायचा आणि त्या उशिराची वाट पाहायचा. आपण मुखदुर्बळ. घरात वडील कुणाशी बोलत नसत, आई भिंतीशी बोलायची. वाटलं, ही आपल्या घरात आली तर... आणि ती आली. संध्याकाळी घरी यायची ती केसांत तोच वास घेऊन, आणि त्या वासाबरोबर तिच्या हसण्याचं ते भरतं. चूल पेटायच्या आधी दिवसभराच्या गमती, मुकादमाच्या नकला, आणि नंतर लेकीला मांडीवर घेऊन तिच्या पोटात तोंड घालून हसणं. तो तिच्या केसांत नाक खुपसायचा. छाती भरून घ्यायचा. घरचा वास म्हणजे तो वास.

आणि रविवार.

बसनं गचका दिला. रविवारी कारखाना बंद. रविवारी ती पडदे ओढून पडलेली असायची. डोकं ठणकायचं, उजेड नको, आवाज नको, बोलणं नको. उठली तरी हातातलं काम टाकून कुठंतरी बघत बसायची, आणि तो विचारायचा काय झालं, आणि ती म्हणायची काही नाही, आणि थोड्या वेळानं तो परत विचारायचा काय झालं. लेक लहान असताना आईच्या दाराशी घुटमळायची, तेव्हा तो तिला उचलून घ्यायचा आणि म्हणायचा – तोच म्हणायचा, विनोद त्याचाच – "रविवारी आई सुट्टीवर असते बरं का. सोमवारी येते." लेक हसायची. घरातली म्हणच झाली ती. आईचं काही हरवलं, आई चिडली, की कुणीतरी म्हणायचं, आज रविवार आहे वाटतं. आणि सोमवारी संध्याकाळी ती खरंच यायची, दारातूनच हसत.

अरे माझ्या देवा... मग मी सोमवारची वाट बघत होतो ती कुणाची?

कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं चौकशी केली. "कसं आहे वहिनींचं?" त्यानं हात आडवा हलवला, बरं आहे आणि बरं नाही याच्यामधला. बोळ तसाच होता. आणि त्या टोकाकडून हसणं येत होतं.

तो थांबला. गठ्ठा नसलेले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. जेवणाची सुट्टी संपून तासभर झाला असेल; हसणं चढायची वेळ ती हीच, हे त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं, फक्त ते आपल्याला ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. सकाळी गठ्ठा नेला तर बायका जांभया देत असत. तो मुद्दाम दुपारी जायचा. आपण मुद्दाम दुपारी जायचो...

"कात्री आली गं –" थोरली सवयीनं ओरडली आणि तिथंच जीभ चावली. खातं गप्प झालं. फक्त खिडकीकडची एक नवी मुलगी, विशीतली, तिला हसू आवरेना. दोन्ही हात तोंडावर दाबून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती मानेनं माफी मागत होती, आणि हसतच होती.

त्यानं सोल्युशनचा डबा उचलून उजेडात धरला. वरचा कागद सोल्युशननंच भिजून काळा झाला होता. एक ज्वाळेचं चित्र दिसत होतं, एक कवटीसारखं काहीतरी, आणि मुंगीएवढी अक्षरं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. मग त्यानं सांगितलं. त्याला बोलता येत नसे, तरी सांगितलं. हे नाकात जातं, हे रक्तात जातं, डॉक्टर म्हणाल्या. खिडक्या उघड्या हव्यात. हात घालू नका यात. अंगावर डाग उमटले, हिरड्यांतून रक्त आलं तर अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या.

मग थोरली म्हणाली, "उघडतोस का? बघ तू. आमच्यानं तर कधी उघडली नाही."

खिडकीला रंगावर रंग चढून चौकट आणि झडप एक झाली होती. त्यानं शेजारचा लाकडी पाय घेतला – ज्यावर बूट चढवतात तो – आणि त्याच्या टाचेनं कडेकडेनं ठोकलं. रंगाचे पापुद्रे पडले. झडप हलली, आणि बाहेरची हवा एकदम आत आली, आणि सगळ्याजणींनी, न ठरवता, तिकडं तोंड केलं.

मुकादम धावत आला. "कोणी उघडली? जोड सुटतील सगळे! अरे, तू तर रजेवर ना? तुझ्या दुःखात मी आहे, पण म्हणून खात्यात येऊन... पंखा लावलाय की गेल्या साली!"

"पंखा वास फिरवतो नुसता," थोरली म्हणाली. "राहू दे थोडा वेळ उघडी."

ती त्याला बोळापर्यंत सोडायला आली. चालताना भिंतीला हात लावत होती. तिला असं चालताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल. "आम्हाला काय कळत नव्हतं होय रे?" ती हळू म्हणाली. "डोकं तरंगायला लागलं की बरं वाटायचं. दिवस सरायचा. त्याच्याशिवाय का कुणी जन्मभर सोल दाबत बसेल?" मग थोड्या वेळानं, "तुझी बायको तर काय, खात्याचा दिवा. पण गंमत बघ, सुट्टीत बाहेर बाकावर बसलो की एक शब्द बोलायची नाही. डबा खायची नि बघत बसायची कुठंतरी. आम्ही म्हणायचो, हिला दाराबाहेर काढलं की विझते."

ती सहज बोलली. मायेनंच बोलली. त्याच्या काळजावरून मात्र पातं फिरलं.

फाटकापाशी पोचता पोचता त्यानं मागून आवाज ऐकला. झडप लावल्याचा. मुकादमानं लावली, की बायकांपैकी कुणी, जोड सुटायला लागले म्हणून? परत जाऊन बघावं असं त्याला वाटलं. बघून काय करणार होता? तो फाटकाच्या लोखंडाला धरून उभा राहिला, कानात प्राण आणून. हसणं आलं नाही. मग एक ट्रक आला आणि पहारेकऱ्यानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तो हिशेब लावत राहिला, पण कुठून धरावं तेच कळेना. बरंचसं म्हणजे किती? बरंचसं वाफेचं, तर उरलेलं कुणाचं? लग्नाच्या आधी दाराशी गठ्ठा सांडला तेव्हाचं ते हसणं... ते दुपारचंच. लेक पहिल्यांदा पालथी पडली तेव्हाचं? ती संध्याकाळ. कामावरून आल्यावर. त्यानं एक एक आठवण उचलून उजेडात धरली, डब्यासारखी, आणि प्रत्येकीवरचा कागद भिजून काळा झालेला. रविवारचं एक हसणं आठवेना. एक तरी असेल. असायलाच हवं. एकदा ती भिजलेल्या मांजराकडं बघून... पण ती लेक होती का? ती हसली होती की लेक हसली होती आणि ती लेकीकडं बघत होती?

तोंडात फोड आलेली, केस गेलेली, सात महिने त्या वासापासून दूर असलेली ही बाई घरी आणि इस्पितळात गप्प गप्प पडून असायची, आणि तो सगळ्यांना सांगत होता, आजारानं पार बदलली हो. एवढी हसरी बाई!

खोलीत संध्याकाळचं पिवळं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. लेकीला त्यानं घरी पाठवलं. तो खाटेच्या कडेवर, नेहमीच्या जागी, तिच्या गुडघ्यांना टेकून बसला आणि म्हणाला, "डब्याचा फोटो आणलाय. डॉक्टरीणबाईंना दिला."

"थोरली कशी आहे?"

"बरी आहे. भिंतीला धरून चालते."

"आधीपासूनच," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं नसेल."

मग त्याच्या मनात एकदम एक हट्ट उसळला, लहान पोरासारखा. आत्ता. इथं, या स्पिरिटच्या वासात, जिथं सोल्युशनचा थेंब नाही, तिनं एकदा हसावं. एकदाच. त्यानं मुकादमाचा आवाज काढला. त्याला नकला येत नसत, नकला तिच्या, तरी त्यानं हात उडवले, गाल फुगवले आणि म्हणाला, "आणि ऐक ना, मुकादम रागानं तरातरा चालत गेला तर त्याच्या पायात दोन्ही बूट डावे! आपल्याच कारखान्याचे! गोल गोल फिरून परत आमच्यासमोरच –" हे खोटं होतं. बसमध्ये बसून रचलेलं.

तिनं हात वर केला. जांभळा हात. "हसवू नका हो," ती म्हणाली, तोंड न हलवता. "फाटतं."

"बरं," तो म्हणाला. "बरं बरं." आणि त्याचा चेहरा फुगवलेल्या गालांसकट तसाच राहिला, तो कसा उतरवावा ते त्याला कळेना. म्हणजे त्या वाफेशिवाय ती हसते का, ते आता कधीच कळणार नव्हतं.

बराच वेळ गेला. तिला झोप लागली असं त्याला वाटलं. पण तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "रविवारी मला तुमची फार चीड यायची."

"माझी?"

"सारखं विचारायचात, काय झालं, काय झालं." तिनं थांबून थुंकी गिळली, गिळताना तिचा सगळा चेहरा आवळला. "काहीच झालेलं नसायचं. डोकं दुखायचं, ते दुखायचंच. पण बाकी मी... मी तशीच आहे हो. लहानपणापासून. मला गप्प बसायला आवडतं. तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही असे बघायचात माझ्याकडं, जसं काही मी कुणाला तरी घरातून हाकलून दिलंय."

त्याला बोलायचं होतं. काय बोलायचं होतं? की मी पडदे ओढत होतो, चहा करून ठेवत होतो, पोरीला गप्प बसवत होतो... हो, केलं सगळं, सोमवारसाठी केलं. उंबऱ्यात उभं राहून दुसरीचीच वाट पाहावी तसं केलं. आणि ती आत होती. पडद्यामागं, अंधारात, भिंतीकडं तोंड करून, खरी, सबंध, आणि एकटी. दर रविवारी ती घरीच होती. सुट्टीवर कुणी गेलंच नव्हतं. एवढा मोठा संसार झाला, पोर झाली, पोर मोठी झाली, आणि त्या खोलीत मी एकदाही नुसता जाऊन बसलो नाही.

काय झालं, असं त्याच्या ओठांवर आलं. केवळ सवयीनं. त्यानं ते गिळलं.

ऊन खाटेवरून उतरून फरशीवर गेलं. ती पडली होती. गालाची हाडं वर आलेली, पापण्या पातळ, कपाळावर एक बारीकशी आठी, जी बहुधा नेहमीच तिथं असावी. हा चेहरा त्यानं कधी नीट पाहिला नव्हता. हिला काय आवडतं? गप्प बसल्यावर ही कशाचा विचार करते? बाकावर डबा खाताना कुठं बघायची? विचारायला केवढं होतं, आणि विचारायचं नव्हतं, आणि वेळ... वेळेचं त्यानं डॉक्टरीणबाईला विचारलंच नव्हतं. आणि त्याला एकदम लाज वाटली. घाम फुटेल अशी, कोवळ्या वयातली लाज. एका अनोळखी बाईच्या अंथरुणावर, तिच्या गुडघ्यांना टेकून, आपण केव्हापासून खुशाल बसलो आहोत, अशी.

तो हळूच उठला. भिंतीकडचं स्टूल त्यानं उचललं, आवाज होणार नाही असं, आणि खाटेपासून हातभर अंतरावर ठेवलं. पण बसला नाही. स्टुलाच्या मागं, दोन्ही हात पुढं बांधून तो उभा राहिला.

"मी इथं बसू का?" त्यानं विचारलं.

तिनं डोळे उघडले आणि ती त्याच्याकडं पाहू लागली. ती काय म्हणेल, याचा त्याला खरोखरच अंदाज नव्हता.